ट्यूबरस स्क्लेरोसिस आणि अर्भकांतील आकडीचा प्रतिबंध

ट्यूबरस स्क्लेरोसिस हा एक दुर्मीळ जनुकीय विकार असून त्यात मेंदू, त्वचा, हृदय, मूत्रपिंड इत्यादी अवयवांत कर्करोग नसलेल्या गाठी निर्माण होतात. सुमारे ६,००० नवजात बालकांमागे एकास तो आढळतो. फ्रेंच चिकित्सक बुर्नव्हिल यांनी १८८० मध्ये त्याचे वर्णन केले. बहुसंख्य रुग्णांना अपस्माराचे झटके येतात व ते बहुधा वयाच्या पहिल्या वर्षातच सुरू होतात.

कारण

टीएससी१ किंवा टीएससी२ या जनुकांपैकी एकात दोष उत्पन्न झाल्याने पेशींच्या वाढीवरील नियंत्रण सुटते. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याची शक्यता ५० टक्के असते. तथापि सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत हा दोष नव्यानेच उद्भवलेला असतो. त्यामुळे गरोदरपणातील आहार, ग्रहण किंवा आईचे वागणे यांना दोष देण्यास कोणताही आधार नाही.

ओळख

गर्भावस्थेतील सोनोग्राफीत हृदयात गाठी दिसणे ही पुष्कळदा पहिली खूण असते. जन्मानंतर त्वचेवर पानाच्या आकाराचे फिकट पांढरे चट्टे दिसतात. हे चट्टे कोडाचे नव्हेत, आणि जंतांचेही नव्हेत.

अर्भकांतील आकडी ओळखणे अधिक कठीण असते. बाळ एकाएकी मान खाली घालते, हात फेकते, पोटाशी दुमडते आणि काही सेकंदांनी पूर्ववत होते. असे झटके विशेषतः झोपेतून उठल्यावर ओळीने येतात. घरात याला दचकणे किंवा पोटदुखी समजून गुटी दिली जाते आणि मोलाचे दिवस निघून जातात. इंग्लंडमधील डॉक्टर वेस्ट यांनी १८४१ मध्ये असेच झटके स्वतःच्या मुलात पाहून त्यांची नोंद केली होती. मोबाइलवर घेतलेले चित्रीकरण डॉक्टरांना निदानात फार उपयोगी पडते. झटका आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काहीही साधत नाही. बाळास कुशीवर वळवावे व तोंडात काही घालू नये.

प्रतिबंध

झटके दिसण्यापूर्वीच मेंदूच्या विद्युत्-आलेखात, म्हणजे ईईजीमध्ये, बिघाड उमटू लागतो. प्रतिबंधाची सारी कल्पना या मधल्या अवधीवर उभी आहे. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार झटके नसलेल्या अर्भकाचा ईईजी पहिल्या वर्षी दर सहा आठवड्यांनी व दुसऱ्या वर्षी दर तीन महिन्यांनी काढावा.

एपिस्टॉप या युरोप व ऑस्ट्रेलियातील अभ्यासात (प्रसिद्धी २०२१) ईईजी बिघडताच व्हिगाबॅट्रिन हे औषध सुरू केले गेले. अशा बालकांत पहिल्या झटक्यापर्यंतचा मध्यक कालावधी ३६४ दिवस होता. झटक्यानंतर औषध दिलेल्या बालकांत तो १२४ दिवस होता. अमेरिकेतील प्रिव्हेंट या अभ्यासात मात्र दोन वर्षे वयाच्या बालकांच्या बौद्धिक विकासात फरक आढळला नाही, जरी अर्भकीय आकडीचे प्रमाण घटले. म्हणजे झटके टळले तरी बुद्धीचा विकास आपोआप सुधारतोच असे म्हणता येत नाही. या औषधाने दृष्टीच्या कडा कायमच्या आकसू शकतात. म्हणून ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावे आणि मनाने बंद करू नये.

महाराष्ट्रातील सोय

मुंबईतील परळ येथील केईएम रुग्णालय हे केंद्र शासनाच्या दुर्मीळ आजार धोरणाखालील उत्कृष्टता केंद्र आहे. बालकांचे वाडिया रुग्णालयही परळलाच आहे. बदलापूरच्या कात्रपसारख्या भागातील कुटुंबास तेथे मध्य रेल्वेने जाता येते. परंतु दर सहा आठवड्यांनी तान्ह्या बाळासह लोकलचा प्रवास, तोही बाळ वरकरणी निरोगी दिसत असताना, सोपा नसतो. या कारणाने फेऱ्या चुकू शकतात. ईईजी जवळच्या शहरात काढून त्याचा आलेख बालमेंदूविकारतज्ज्ञांस दाखवणे हा एक व्यवहार्य मार्ग आहे.