एका ताटाभोवती

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी शहरात हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करते. सुट्टीला आली, तेव्हा मासिक बैठकीला तिनं आम्हाला ‘मेझे’ करून घातलं. मधोमध मोठी परात, परातीत वाट्या. एकीत वाटलेले काबुली चणे, म्हणजे हम्मस. एकीत भाजलेलं वांगं, तिळाच्या वाटणात कालवलेलं. घट्ट दह्यात काकडी, बारीक चिरलेली कोथिंबीर-टोमॅटो आणि भोवती पोळीचे तुकडे. वेगळी ताटं नाहीत, वाढणारी कुणी नाही.

आम्ही अकरा जणी गोल बसलो. एक मावशी मात्र हात आखडूनच होत्या. “तुम्ही घ्या गं, मी मागनं घेते.” उभा जन्म त्या घरात हेच म्हणत आल्यात. मुलगी म्हणाली, “मावशी, ह्यात मागनं काही उरतच नाही.”

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. बी.ए.ला इतिहास होता, त्यामुळे शोधायची खोड आहेच.

‘मेझे’ हा शब्द मूळचा फारसी. अर्थ चव. तुर्कस्तानातून तो ग्रीस, लेबनॉन, सीरियापर्यंत पसरला. तोच फारसी शब्द आपल्याकडे आला आणि ‘मजा’ झाला! परातीतल्या जिनसांचंही तसंच. हरभऱ्याची शेती सुमारे १०,००० वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात सुरू झाली, तिथून तो आपल्याकडे आला. तीळ मात्र आपल्या उपखंडातला. वांगं आणि लिंबू याच बाजूनं पश्चिमेकडे गेले, अरब व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी ते भूमध्य समुद्राच्या काठी रुजवले. टोमॅटो सगळ्यांत नवा. १४९२ नंतर अमेरिकेतून आला, त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही. इजिप्तमधल्या कैरो शहरातल्या साताठशे वर्षांपूर्वीच्या पाकपुस्तकांत शिजवून वाटलेल्या चण्यांच्या कृती सापडतात. त्यांत आंबटपणाला सिरका घातलेला दिसतो.

आता खरी गोष्ट ऐका. दुसऱ्या महायुद्धात ग्रीसमधलं क्रीट बेट पार होरपळलं होतं. १९४८ मध्ये अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशननं तिथल्या घराघरांची पाहणी केली. लोक काय खात होते? जाडाभरडा पाव, ऑलिव्ह आणि त्याचं तेल, कडधान्यं, बायकांनी रानातून खुडून आणलेला पाला. मटण क्वचित. आपल्या रानभाज्या आणि भाकरीच की! हे जेवण तुम्हाला पुरेसं वाटतं का, असं विचारल्यावर बहुतेक घरं नाही म्हणाली. त्यांना मटण हवं होतं.

पुढे १९५८ पासून अँसेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञानं सात देशांत अभ्यास सुरू केला. क्रीटमध्ये हृदयविकार फारच कमी आढळला आणि गरिबाचं ते ताट जगभर आरोग्याचं ताट म्हणून गाजलं. आज शहरात त्याला केवढे पैसे मोजतात! आपल्या नाचणीचं हेच झालं, नाही का? आपण पाहुण्यांपुढे ठेवायला लाजत होतो, तोवर ती मॉलमध्ये पाकिटात जाऊन बसली.

त्या अभ्यासात ४० ते ५९ वयाची १२ हजारांवर माणसं तपासली. सगळे पुरुष. पाला खुडणारी, कडधान्य शिजवणारी बाई मोजलीच नाही. हे वाचून मला राग आला, खरं सांगते. मेझेचंही फार कौतुक नको. तुर्की मद्यालयांत पेल्याबरोबर ते खायला बसायचे ते पुरुषच. २०१० मध्ये युनेस्कोनं स्पेन, ग्रीस, इटली आणि मोरोक्कोचा हा आहार अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. २०१३ मध्ये आणखी देश जोडले, तेव्हाच्या नोंदीत हे ज्ञान पुढे नेण्यात बायकांचा मोठा वाटा असल्याचं लिहिलंय. उशिरा का होईना, लिहिलं.

करायला अवघड काही नाही. चणे रात्री भिजवा, चिमूटभर सोडा घालून अगदी मऊ शिजवा आणि गरम असतानाच वाटा. तीळ हलकेच भाजा, काळे पडले की कडू होतात. थोड्या तेलात वाटून चण्यांत घाला, वर लसूण, लिंबू, मीठ. ऑलिव्हचं तेल आपल्याला परवडत नाही, आम्ही शेंगदाण्याचं घातलं. चव वेगळी लागते, पण वाईट नाही.

त्या दिवशी मावशींनी पहिला घास घेतला तो वांग्याचा. “ह्याला हिरवी मिरची पाहिजे,” म्हणाल्या, आणि मग परातीतून त्यांचा हात काही मागे आला नाही. घरी सुनेबरोबर अजून बसत नाहीत, विचारलं मी. पण पुढच्या बैठकीचं भरीत त्याच आणणार आहेत, मिरची घालून.