लंबकाची जुनी घड्याळे : इतिहास आणि संग्रह

लंबकाच्या झोक्यावर वेळ मोजणारी, गुंडाळलेल्या कमानीच्या किंवा लोंबत्या वजनांच्या जोरावर चालणारी यांत्रिक घड्याळे. लंबकाचा झोका वेळ मोजायला उपयोगी पडेल हे गॅलिलिओच्या ध्यानात आले होते; प्रत्यक्ष घड्याळ मात्र डच शास्त्रज्ञ क्रिस्तीआन हायगेन्सने १६५६ मध्ये साकारले. हेगचा घड्याळजी सॉलोमन कोस्टर याला ते बनवण्याचा हक्क १६५७ मध्ये मिळाला. त्याआधीची घड्याळे दिवसाला पाव तास सहज चुकत. ही चूक आता मिनिटाच्या आत आली.

सुरुवातीच्या घड्याळांत लंबक आखूड असे आणि त्याचा झोका फार मोठा असे. १६७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये नांगराच्या आकाराचे एस्केपमेंट, म्हणजे दंतचक्राला एकेक दात सोडणारा अडसर, वापरात आले. झोका काही अंशांवर आला, लंबक लांब करता आला आणि सुमारे ९९ सेंटिमीटर लांबीचा, प्रत्येक टिकटिकीला एक सेकंद घेणारा लंबक रूढ झाला. माणसाच्या उंचीची उभी घड्याळे जन्मली ती त्याला जागा हवी म्हणून. टॉमस टॉम्पियनने १६७६ मध्ये ग्रिनिच वेधशाळेसाठी केलेल्या दोन घड्याळांचे लंबक तर १३ फुटांचे होते, आणि त्यांना चावी वर्षातून एकदाच द्यावी लागे. त्यांतले एक आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पोलादी दांडीचा लंबक तापमान एका सेल्सियस अंशाने वाढले की दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे पडतो. तेव्हा डिसेंबरात जुळवलेले घड्याळ एप्रिलमध्ये थोडे मागे पडू लागले, तर लगेच कारागिराला बोल लावू नये.

घड्याळ सामान्यांच्या घरात आणले ते अमेरिकेने. कनेटिकटच्या इलाय टेरीने ४,००० लाकडी यंत्रणांचे कंत्राट घेऊन, पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांनी एकसारखे भाग कापून ते पुरे केले. पुढे चॉन्सी जेरोमने पत्र्यातून छापून काढलेल्या पितळी यंत्रणांची घड्याळे १८४२ मध्ये इंग्लंडला पाठवली. किंमत इतकी कमी की ती मुद्दाम कमी दाखवली असावी, अशा संशयाने तिथल्या जकातखात्याने जाहीर केलेल्या किमतीलाच पहिला माल उचलला. जेरोमला आणखी काय हवे होते! महाराष्ट्रातल्या वाड्यांत आणि पेढ्यांवर दिसणारी भिंतीवरची टोल्यांची घड्याळे बरीचशी अमेरिकी किंवा जर्मन कारखान्यांची असतात. त्यांपैकी अमेरिकेच्या अ‍ॅन्सोनिया कंपनीची यंत्रसामग्री १९२९ मध्ये सोव्हिएत रशियाला विकली गेली.

आता संस्था आणि संग्रहांकडे वळू. लंडनच्या घड्याळजींच्या संघाची स्थापना १६३१ ची आहे; कोर्टनी इल्बर्ट या अभियंत्याचा मोठा संग्रह १९५८ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आला. अमेरिकेत संग्राहकांची राष्ट्रीय संघटना १९४३ मध्ये उभी राहिली.

संग्रहात खरा प्रश्न अस्सलपणाचा. तबकडीवरच्या नावावर विसंबू नये. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रंगवलेल्या तबकड्या बर्मिंगहॅमहून तयार येत आणि गावोगावचे विक्रेते त्यांवर आपले नाव घालून घेत. एकाची पेटी आणि दुसऱ्याची यंत्रणा असा संसार तर जुन्या बाजारात नेहमीचाच. तो ओळखायला पुढचे दार पुरत नाही. यंत्रणा ज्या फळीवर बसते तिला रिकामी, बिनकामाची भोके दिसली, तबकडीचे पाय मूळ छिद्रांत न बसता नव्या छिद्रांत घातलेले आढळले, की जोडकाम झाले असे धरावे. टोल्यांची रचनाही बोलकी असते. खाचांच्या चक्रावर टोले मोजणाऱ्या घड्याळात काट्यांचा आणि टोल्यांचा थेट संबंध नसतो, म्हणून काटे नुसते फिरवले की सात वाजता पाच टोले पडतात. दात्यांच्या पट्टीवर मोजणारी रचना, जी १६७६ च्या सुमारास निघाली, ती सहसा अशी चुकत नाही.

चकाकणारे पितळ आणि नवे पॉलिश ही नवख्याची आवड. जुन्या वार्निशचा थर खरवडून काढला, की घड्याळाचे वय आणि किंमत दोन्ही उतरतात. घड्याळ हलवण्यापूर्वी लंबक काढून घ्यावा; तो तसाच ठेवला तर त्याला टांगणारी पातळ पोलादी पट्टी वाकते, आणि जुन्या घड्याळांच्या दुरुस्तीत हा अगदी नेहमीचा, सहज टळणारा बिघाड आहे.