टाइट एंडचा भाव

१९६२ च्या हंगामात ओकलंड रेडर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ चौदापैकी तेरा सामने हरला. त्याच हंगामात संघ पूर्वेकडच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तीन माणसं बसली आणि त्यांनी एका नव्या खेळाचे नियम लिहून काढले: संघातले एक भागीदार बिल विंकेनबाक, संघाची प्रसिद्धी सांभाळणारे बिल टनेल आणि ‘ओकलंड ट्रिब्यून’चे पत्रकार स्कॉटी स्टर्लिंग. कल्पना साधी होती. प्रत्येक भिडूने खऱ्या खेळाडूंमधून आपला कागदावरचा संघ निवडायचा आणि ते खेळाडू मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यावर घ्यायचे. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ओकलंडला विंकेनबाक यांच्या घरी आठ संघांची पहिली निवड झाली आणि पहिलं नाव पुकारलं गेलं ते जॉर्ज ब्लांडाचं. आज ज्याला फँटसी फुटबॉल म्हणतात आणि ज्याच्या निवडीला सगळे ड्राफ्ट म्हणतात, त्याची सुरुवात इथली. या पहिल्या नियमावलीत चेंडू झेलणारे सगळे ‘एंड’ या एकाच गटात होते. टाइट एंडची वेगळी जागा नव्हती. ती पुढे आली, आणि त्या जागेबरोबरच दर उन्हाळ्यात नव्याने सोडवावं लागणारं एक कोडंही आलं: येत्या हंगामासाठी अमुक टाइट एंड कितव्या फेरीत घ्यावा?

हे कोडं अवघड होण्याचं कारण त्या खेळाडूच्या कामातच आहे. टाइट एंड बचाव रोखणाऱ्या धिप्पाड खेळाडूंच्या रांगेच्या टोकाला उभा राहतो. एखाद्या डावात तो प्रतिस्पर्ध्याला अडवतो, दुसऱ्या डावात रांग सोडून धावतो आणि पास झेलतो. फँटसीत गुण मिळतात ते फक्त झेलण्याचे. आपल्याकडे यष्टिरक्षकाबद्दल हेच होतं. गिलख्रिस्ट आणि धोनी येण्यापूर्वी यष्टिरक्षकाने आधी ग्लोव्हज नीट सांभाळावेत, धावा जमल्या तर वरकमाई, असा हिशोब असे, आणि पुढे मुंबईत सुरू झालेल्या ‘ड्रीम११’सारख्या फँटसी क्रिकेटमध्ये अकरा जणांत किमान एक यष्टिरक्षक घ्यावाच लागायचा. ती सक्ती आली की धावा करणाऱ्या यष्टिरक्षकाला फलंदाज म्हणून असते त्याहून जास्त किंमत येते. टाइट एंडचंही तसंच आहे. माझं म्हणणं असं की फँटसीत टाइट एंडची किंमत त्याच्या गुणवत्तेवर थेट ठरत नाही. त्याच्यात आणि इतरांना मिळणाऱ्या टाइट एंडमध्ये किती अंतर आहे, यावर ती ठरते. ते अंतर टिकेल का, हे जाणून घ्यायचं तर त्याच्या टचडाउनकडे, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेण्याकडे, कमी आणि संघ त्याच्याकडे किती पास टाकतो याकडे जास्त पाहावं लागतं. साठ वर्षांचा इतिहास याच बाजूने साक्ष देतो, आणि बाजाराने ही साक्ष पुन्हापुन्हा दुर्लक्षिली आहे.

गुणवत्ता तर पहिल्यापासून होती. विंकेनबाक यांचा खेळ जन्मण्याआधीच, १९६१ मध्ये, शिकागो बेअर्सच्या माइक डिट्काने पदार्पणाच्या हंगामात ५६ झेल, १,०७६ यार्ड आणि १२ टचडाउन अशी कामगिरी केली होती, तीही चौदा सामन्यांत. बाल्टिमोरचा जॉन मॅकी त्याच्या पाठोपाठ आला. तरी पुढची पंधरा-सोळा वर्षं बहुतेक संघांत टाइट एंड हा मुख्यतः अडवणाराच राहिला, कारण पास टाकणंच महाग होतं. १९७८ मध्ये नियम बदलले. पाच यार्डांपलीकडे झेलणाऱ्याला धक्काबुक्की करायला बंदी आली आणि क्वार्टरबॅकचं, म्हणजे पास टाकणाऱ्याचं, रक्षण करणाऱ्यांना हात पसरून अडवायची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी डॉन कोरियल सॅन डिएगोचे प्रशिक्षक झाले आणि पुढच्या वर्षी त्यांना केलन विन्स्लो मिळाला. कोरियल यांनी त्याला रांगेच्या टोकाला बांधून ठेवलं नाही. कधी बाजूला, कधी मोकळ्या जागेत, कधी हलत्या स्थितीत त्याला उभं केलं. १९८० मध्ये विन्स्लोने ८९ झेल आणि १,२९० यार्ड मिळवले, आणि झेलांच्या संख्येत तो सगळ्या लीगमध्ये पहिला आला. त्याची उंची आणि ताकद अर्थातच मोलाची होती, पण तशी शरीरयष्टी आधीच्या काळातही कुणाकुणाकडे होती. बदलली होती ती त्याला दिलेली भूमिका.

फँटसीच्या भिडूंना मात्र हा बदल उशिरा उमगला, आणि त्याचं कारण गुण मोजण्याच्या पद्धतीत सापडतं. ओकलंडमध्ये अँडी मौसालिमास यांच्या ‘किंग्ज एक्स’ या बारमध्ये हा खेळ १९६० च्या दशकाच्या अखेरीस पसरला, तेव्हा हिशोब वर्तमानपत्रातले आकडे पाहून हाताने करावा लागे. अशा वेळी टचडाउन मोजणं सोपं, प्रत्येक झेलाचे यार्ड मोजणं किचकट. म्हणून जुन्या फँटसी लीगांमध्ये टचडाउनच सर्वस्व होतं. मैदानाच्या मध्यात पन्नास वेळा उपयोगी पडणारा टाइट एंड अशा हिशोबात दिसतच नाही, आणि गोलरेषेजवळ चारदा चेंडू मिळालेला मोठा वाटतो. १९९७ मध्ये सीबीएसने ऑनलाइन फँटसी आणल्यावर हिशोब यंत्राकडे गेला. हळूहळू प्रत्येक झेलाला एक, दहा यार्डांना एक आणि टचडाउनला सहा गुण ही पद्धत रूढ झाली. त्याच दशकात जो ब्रायंट यांनी ‘व्हॅल्यू बेस्ड ड्राफ्टिंग’ मांडलं: खेळाडूचे एकूण गुण पाहू नका, त्याच जागेवर सहज मिळणाऱ्या खेळाडूपेक्षा तो किती जास्त देतो ते पाहा. फँटसीच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा विचार आहे असं मला वाटतं. पण टचडाउनची जुनी सवय मनातून गेली नाही, ती आजही भाव फुगवते.

जागेवरून भाव ठरतो याचा सर्वांत ठळक पुरावा फँटसीतला नाहीच, तो खऱ्या लीगमधला आहे. न्यू ऑर्लिन्सचा जिमी ग्रॅहम २०१३ मध्ये १६ टचडाउन करून गेला. पुढच्या उन्हाळ्यात संघाने त्याला एका वर्षासाठी राखून ठेवलं तेव्हा प्रश्न आला की त्याला पगार कुठल्या गटाचा द्यायचा. टाइट एंडसाठी ती रक्कम सुमारे सत्तर लाख डॉलर होती, रांगेपासून दूर उभं राहून पास झेलणाऱ्या वाइड रिसीव्हरसाठी सुमारे एक कोटी तेवीस लाख. ग्रॅहमचं म्हणणं होतं की तो निम्म्याहून कितीतरी जास्त वेळा रांगेपासून दूर उभा राहतो, म्हणजे तो रिसीव्हरच आहे. लवाद स्टीफन बरबँक यांनी जुलै २०१४ मध्ये निकाल दिला की तो टाइट एंड आहे. माणूस तोच, हात तेच, झेल तेच. गट बदलला की पन्नास लाख डॉलरचा फरक. फँटसीत हाच फरक उलट्या दिशेने चालतो. ज्या गटामुळे ग्रॅहमचा पगार घटला, त्याच गटामुळे तो फँटसीच्या संघात अमूल्य ठरला, कारण रिसीव्हरसारखे गुण देणारे टाइट एंड मोजकेच होते.

आता अंतराचा हिशोब आकड्यांत पाहू. २०२२ मध्ये कॅन्सस सिटीच्या ट्रॅव्हिस केल्सीने ११० झेल, १,३३८ यार्ड आणि १२ टचडाउन केले, म्हणजे झेलांतून जवळजवळ ३१६ गुण. त्याच्या मागे होता टी. जे. हॉकेनसन, ८६ झेल, ९१४ यार्ड, ६ टचडाउन, सुमारे २१३ गुण. अंतर शंभराच्या वर, म्हणजे सतरा सामन्यांत दर आठवड्याला सहा गुण. त्याच वर्षी वाइड रिसीव्हरांत पहिला असलेल्या जस्टिन जेफरसनचे झेलांतून सुमारे ३५७ गुण होते आणि त्याच्या खालोखाल डेव्हांटे अॅडम्सचे ३३६ च्या आसपास. जेफरसन केल्सीपेक्षा एकूण गुणांत पुढे होता, पण त्याच्यावाचून राहिलेल्या भिडूला दुसरा रिसीव्हर घेता येत होता. केल्सीवाचून राहिलेल्याला काहीच पर्याय नव्हता. आता २०२४ पाहा. रेडर्सच्या ब्रॉक बॉवर्सने पदार्पणात ११२ झेल आणि १,१९४ यार्ड मिळवले. नवख्या टाइट एंडचा डिट्काचा यार्डांचा विक्रम त्रेसष्ट वर्षांनी मोडला. (डिट्काने तो तीन सामने कमी खेळून केला होता, हेही विसरू नये.) पण फँटसीत? बॉवर्सचे सुमारे २६१ गुण, आणि अॅरिझोनाचा ट्रे मॅकब्राइड व सॅन फ्रान्सिस्कोचा जॉर्ज किटल हे दोघेही झेलांतून २३६-२३७ च्या आसपास. इतिहास घडवणाऱ्या हंगामाला पंचवीस गुणांचं अंतर मिळालं, केल्सीच्या अंतराच्या चौथा हिस्सा. बॉवर्समध्ये काही उणं होतं म्हणून नव्हे, तर त्याचे शेजारीही वर आले होते म्हणून.

यावर एक आक्षेप रास्त आहे: अंतर हंगाम संपल्यावर कळतं, ड्राफ्ट तर आधी होतो. मागचं अंतर पुढे टिकेल याची हमी कोण देणार? पूर्ण हमी कुणीच देऊ शकत नाही. पण अंतराचे दोन घटक वेगवेगळे वागतात, हे दिसतं. केल्सी २०१६ पासून २०२२ पर्यंत सलग सात हंगाम हजार यार्डांवर राहिला. या काळात त्याचे टचडाउन चारपासून बारापर्यंत वरखाली झाले, पण संघाच्या आक्रमणातली त्याची जागा ढळली नाही. डेट्रॉइटचा सॅम लापोर्टा याचा उलटा दाखला आहे. २०२३ मध्ये पदार्पणात ८६ झेल, ८८९ यार्ड आणि १० टचडाउन करून तो पुढच्या ड्राफ्टमध्ये टाइट एंडांत अगदी वर गेला. २०२४ मध्ये ६० झेल, ७२६ यार्ड, ७ टचडाउन. बरेच जण म्हणाले, टचडाउन घटले म्हणून फसलो. हिशोब तसं सांगत नाही. तीन टचडाउनचे १८ गुण गेले, पण झेल आणि यार्डांचे मिळून ४२. खरं तर झेलामागे टचडाउनचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं. जेमसन विल्यम्स पुढे आल्यावर लापोर्टाकडे येणारे पासच कमी झाले, आणि तोटा तिथेच होता.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: टचडाउन नशिबाचे असतील, तर कमी टचडाउनवाला खेळाडू पुढच्या वर्षी वर येणारच, मग तो स्वस्तात घ्यावा. काइल पिट्सबद्दल हाच तर्क लढवला गेला. खऱ्या लीगच्या २०२१ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर, कुठल्याही टाइट एंडपेक्षा आधी, अटलांटाने त्याला घेतलं आणि पदार्पणात त्याने १,०२६ यार्ड केले, टचडाउन मात्र एकच. तो आकडा वाढणार हे उघडच वाटत होतं. पण पुढच्या हंगामात क्वार्टरबॅक मॅट रायन गेला, आणि प्रशिक्षक आर्थर स्मिथ यांचा संघ लीगमधल्या सर्वांत कमी पास टाकणाऱ्या संघांपैकी एक झाला. पिट्सला दहा सामन्यांत २८ झेल आणि ३५६ यार्ड मिळाले, मग गुडघा दुखावला. टचडाउन सरासरीकडे परततात हे खरं, पण परतायला पास लागतात. पासच नसतील तर सरासरीही खाली येते. गुणवत्ता पाहून दिलेली किंमत इथे सर्वांत जास्त बुडाली.

तिसरी गोष्ट मी मान्यच करतो: नुसत्या झेलांच्या संख्येवर भिस्त ठेवणंही पुरेसं नाही. केल्सीने २०२४ मध्ये ९७ झेल घेतले, पण दर झेलामागे साडेआठ यार्ड; २०२२ मध्ये ते बारांहून जास्त होते. पस्तिशी गाठलेल्या खेळाडूला संघ विश्वासाने पास देतो, पण ते जवळचे असतात. म्हणून पासांची संख्या, ते किती खोलवर जातात आणि ते वाटून घेणारे नवे हात कोण, या तिन्हींचा विचार एकत्र करावा लागतो. काही लीगांनी टाइट एंडच्या प्रत्येक झेलाला दीड गुण द्यायचा नियम केला आहे. त्याने अंतर आणखी रुंदावतं, आणि मग तेच खेळाडू वेगळ्या फेरीत घ्यावे लागतात. एका लीगमधली यादी दुसऱ्या लीगमध्ये जशीच्या तशी नेणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे.

बॉवर्सच्याच उदाहरणावर हा हिशोब लावून पाहावा. २०२५ च्या ड्राफ्टपूर्वी त्याच्यासाठी अनेक ठिकाणी दुसऱ्या फेरीचा भाव मागितला जात होता. रेडर्सकडे पीट कॅरल हे नवे प्रशिक्षक आले होते, जीनो स्मिथ हा आधीपेक्षा चांगला क्वार्टरबॅक आला होता, आणि खऱ्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत घेतलेला, चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक अॅश्टन जेंटीही आला होता. विक्रम पाहून भाव देणाऱ्याला हा सौदा स्वस्त वाटेल. अंतर पाहणारा आधी मॅकब्राइड आणि किटल कुठल्या फेरीत मिळतात ते तपासेल, मग जेंटीमुळे पासांचा वाटा किती घटेल याचा अंदाज बांधेल, आणि बॉवर्सचं नाव तेव्हाच पुकारेल जेव्हा पंचवीस गुणांच्या अंतरासाठी त्याला त्या फेरीतला चांगला रनिंग बॅक किंवा रिसीव्हर सोडावा लागत नसेल.