पवित्र शास्त्राचे दोन विद्यार्थी : नारायण शेषाद्री व बाबा पदमनजी

१. मंठा, परतूर, जालना या टापूंत जुनीं कागदपत्रें धुंडाळणारास प्रथम आठवण होते ती समर्थांची. कारण त्यांचें जन्मस्थान जांब याच जिल्ह्यांत आहे. रामदासी बाडें व मठांतील पोथ्या यांचा शोध घेण्याची वाट इतिहासाचार्य राजवाडे व धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं घालून दिली आहे. परंतु याच टापूंत, जालन्यानजीक, बेथेल नांवाची एक वसाहत आहे. पोथी शोधणाराचें पाऊल तिकडे क्वचितच वळतें. ही वसाहत स्थापणारे रे. नारायण शेषाद्री हे जन्मानें ब्राह्मण व मुंबईच्या स्कॉच मिशनच्या शाळेचे विद्यार्थी. त्यांच्या पिढीचा विद्यार्थी शाळेंत काय वाचीत असे, घरीं परतल्यावर कोणत्या पेंचांत सांपडत असे, आणि त्या वाचनानें त्याला अखेर कोठें नेलें, हा प्रश्न केवळ ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाचा नव्हे; तो मराठी समाजाच्या इतिहासाचा आहे. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

२. डॉ. जॉन विल्सन हे १८२९ सालीं मुंबईस आले. १८३१ त मोरभट दांडेकर यांच्याशीं त्यांचा धर्मविषयक वाद झाला, व १८३२ त त्यांनीं जी इंग्रजी शाळा काढिली तिचेंच पुढें विल्सन कॉलेज झालें. या शाळेंत गणित, भूगोल, इंग्रजी यांच्या जोडीला पवित्र शास्त्राचा पाठ हा नित्यक्रमाचा भाग होता. येथें एक भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. आमच्या पाठशाळेंत संथा घेणारा विद्यार्थी आधीं शब्द कंठांत सांठवी. अर्थाचा विचार मागाहून, आणि तोहि अधिकार पाहून. मिशनच्या वर्गांत एकेक वचन वाचून त्यावर लागलीच प्रश्न विचारीत. उत्तर विद्यार्थ्यानें आपल्या शब्दांत द्यावयाचें. पूर्वपक्ष व सिद्धान्त ही रीत शास्त्र्यांच्या मुलांस अपरिचित नव्हती; नवीन होतें तें इतकेंच कीं, पूर्वपक्ष मांडण्यास वर्णाची किंवा वयाची अट राहिली नाहीं. ज्या ग्रंथावर प्रश्न करावयाचा तोच ग्रंथ बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हातीं छापील रूपानें पडला, या गोष्टीचें महत्त्व पोथीचे मोल जाणणाऱ्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

३. ग्रंथ हातीं पडला तो कोणत्या भाषेंत, हेंहि पाहिलें पाहिजे. अमेरिकन मिशननें मुंबईस मराठी नवा करार १८२६ त छापिला. मुंबईस तयार झालेलें संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर १८४७ त बाहेर पडलें. बनियनच्या रूपककथेचें हरि केशवजीकृत ‘यात्रिक क्रमण’ १८४१ चें आहे. म्हणजे १८४० च्या सुमाराचा विद्यार्थी कांहीं भाग इंग्रजींत वाची, कांहीं मराठींत, आणि पाप, पुण्य, मोक्ष, अवतार हे शब्द मनांत येत ते घरच्या पुराणश्रवणांतले. त्याचें खरें चिंतन या दोन अर्थांच्या फटींत चाले. ‘पाप’ म्हणतांच प्रायश्चित्तानें फिटणारा दोष डोळ्यांपुढें येई. वर्गांत मात्र त्याच शब्दानें मनुष्याची मूळ अवस्थाच सांगितली जाई.

४. हें चिंतन केवळ बुद्धीपुरतें राहिलें नाहीं, याचा पुरावा १८४३ सालांत मिळतो. त्या वर्षीं नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपति हा भावाबरोबर रे. रॉबर्ट नेस्बिट यांच्या आश्रयास राहिला. श्रीपतीचा बाप्तिस्मा झाला नव्हता. परंतु अन्नव्यवहार घडला होता. बापानें सुप्रीम कोर्टाकडे धांव घेतली. चार वर्षांपूर्वीं, १८३९ त, धनजीभाई नौरोजी या पारशी विद्यार्थ्याच्या प्रकरणांत त्याला आपल्या मर्जीप्रमाणें राहण्याची मोकळीक मिळाली होती. श्रीपति अल्पवयी, सबब त्याला बापाच्या स्वाधीन करण्यांत आलें. कायद्यानें मुलगा घरीं आला. पण ज्ञातीनें त्याला घरांत घ्यावें कीं नाहीं, हा वाद त्यानंतर पेटला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं प्रायश्चित्तपूर्वक परतीचा पक्ष उचलून धरला व त्यापायीं सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मिशन त्याला ठेवूं शकत नव्हतें, आणि ज्ञाति त्याला घेण्यास राजी नव्हती. एका मुलाचा वाचनाचा पाठ आणि एक जेवण यांतून केवढें वादळ उठलें, हें पाहिलें म्हणजे त्या काळच्या विद्यार्थ्याच्या दैनंदिन आयुष्यांत जेवणाची पंगत ही वर्गाइतकीच महत्त्वाची होती, हें ध्यानांत येतें.

५. याच संस्थेंत कांहीं वर्षांनीं आलेला दुसरा विद्यार्थी म्हणजे बाबा पदमनजी. त्यांचा जन्म १८३१ त बेळगांवास, कासार ज्ञातींत झाला. बेळगांवच्या मिशन शाळेंत व नंतर मुंबईस फ्री चर्चच्या संस्थेंत त्यांचें शिक्षण झालें. घर धर्मनिष्ठ, व्रतें, पोथ्या, देवपूजा यांत बालपण गेलें. मुंबईस ते गुप्त परमहंस सभेंत मिसळले. म्हणजे सकाळीं शास्त्रपाठ, सायंकाळीं जातिभेद मोडूं पाहणाऱ्यांची बैठक, आणि घरीं गेल्यावर पुन्हां तोच कुळाचार, अशा तिहेरी ओढींत हा तरुण वाढला. मनानें मान्य झालेली गोष्ट उघड करावयास त्यांना वर्षें लागलीं. बाप्तिस्मा झाला तो १८५४ त, बेळगांवास. या विलंबाला भ्याडपणा म्हणणें सोपें आहे. परंतु धर्मान्तर करणाराचा वारसाहक्क राखणारा कायदा १८५० चा. आणि कायद्यानें जिंदगी राखली तरी आई, बायको व ज्ञाति हीं राखतां येत नाहींत. शास्त्र वाचणारा प्रत्येक विद्यार्थी हा हिशेब मनांत मांडीतच वाचीत होता.

६. पुराव्याच्या बलाबलाविषयीं दोन शब्द. मिशनचे अहवाल हे वर्गणीदारांसाठीं लिहिलेले. त्यांत विद्यार्थ्याच्या शंकेपेक्षां त्याच्या श्रद्धेस अधिक जागा मिळते. कोर्टाचे कागद वय आणि ताबा यांपलीकडे पाहात नाहींत. बाबांचें आत्मचरित्र ‘अरुणोदय’ हें १८८८ चें. बाप्तिस्म्यास तोंवर चौतीस वर्षें लोटलीं होतीं. प्रौढ ग्रंथकारानें आपल्या बालपणाकडे पाहातांना त्याला जें वळण दिलें असेल तें वजा करून तो ग्रंथ वाचला पाहिजे. तथापि वजाबाकीनंतर जें उरतें तें अमोल आहे. कारण घरांतील बारीकसारीक तपशील प्रचारासाठीं कोणी रचीत नाहीं. शिवाय १८५७ चें ‘यमुनापर्यटन’ पुढें ठेवावें. विधवांच्या स्थितीवरील त्या कथेवरून दिसतें कीं, शास्त्रवाचनानें लेखकाची दृष्टि परलोकाकडेच न लागतां शेजारच्या घरांतील दुःखाकडे वळली होती.

७. नारायण शेषाद्री यांचें वाचन त्यांना आमच्या प्रांतांत घेऊन आलें. १८६० नंतरच्या दशकांत त्यांनीं जालन्यास काम सुरू केलें. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या कारकीर्दींत मिळालेल्या जमिनीवर बेथेल वसलें. तेथें आले ते बहुतेक मांग व महार कुटुंबांतील लोक. ‘बेथेल’ म्हणजे देवाचें घर. घर सोडून निघालेला याकोब उशाला दगड घेऊन जेथें निजला त्या जागेस त्यानें दिलेलें हें नांव. ज्या पुरुषास बाप्तिस्म्यानें घरास मुकावें लागलें, त्यानें गांवकुसाबाहेर ठेवलेल्या लोकांच्या वस्तीसाठीं नेमकें हेंच नांव निवडावें, यांत त्याच्या शास्त्राभ्यासाचें सार आलें आहे, असें आम्हांस वाटतें. १८७३ त ते न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस गेले. १८९१ त निवर्तले. पण अहवालांपेक्षां व भाषणांपेक्षां हें एक नांवच त्यांच्या मनाची अधिक साक्ष देतें.

८. आतां संग्राहकांस विनंति. जालना, मंठा, परतूर येथील जुन्या घरांत पोथ्यांचे रुमाल सोडतांना छापील म्हणून जीं पुस्तकें बाजूस टाकलीं जातात, त्यांत जुनीं शुभवर्तमानें, प्रश्नोत्तरावल्या, शाळेच्या वह्या असल्यास त्या टाकूं नयेत. समासांत लिहिलेली एखादी शंका, कोऱ्या पानावरील जन्माची वा बाप्तिस्म्याची तिथि, मालकाचें मोडी अक्षर, हीं सर्व अस्सल साधनें होत. सनदेवरील शिक्का जपणाऱ्या हातांनीं विद्यार्थ्याची शाईची खूणहि जपली, तर त्याचा दिवस कसा गेला हें आम्हांस अहवाल लिहिणाराच्या मुखानें ऐकावें लागणार नाहीं. त्याचें तोच सांगेल.