सायकल मोहिमेचे साहाय्यक पथक

लांब पल्ल्याच्या सायकल मोहिमेची छायाचित्रे पाहिली, की नजर सायकलस्वारांवरच खिळते. त्यांचे सामान, जेवण, दुरुस्ती आणि प्रकृती सांभाळणारे साहाय्यक पथक त्या चौकटीत क्वचितच दिसते. या पथकाचे महत्त्व सर्वाधिक जाणवते ते मनाली ते लेह या मार्गावर. रोहतांगमार्गे सुमारे ४७५ किलोमीटरच्या या वाटेवर रोहतांग (३९७८ मीटर), बारालाचा (सुमारे ४८९० मीटर), नकी, लाचुलुंग (सुमारे ५०६५ मीटर) आणि तांगलांग (५३२८ मीटर) अशा पाच खिंडी ओलांडाव्या लागतात.

कामाची विभागणी

चालक, स्वयंपाकी, सायकल मेकॅनिक आणि प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती हा पथकाचा गाभा. सामानाची गाडी पहाटेच पुढे निघते व मुक्कामावर तंबू उभारून चुली पेटवते. दुसरी गाडी दहा-पंधरा किलोमीटरवर जाऊन थांबते. पाणी, सुकामेवा, उकडलेले बटाटे देते आणि प्रत्येक स्वाराची नोंद घेते. सायकलस्वारामागे संथपणे गाडी चालवत राहणे मात्र टाळावे. अरुंद रस्त्यावर मागून येणाऱ्या ट्रकना त्यामुळे अडथळा होतो. सर्वांत मागच्या गाडीने शेवटच्या सायकलस्वाराला मागे टाकून कधीही पुढे जाऊ नये.

मेकॅनिकच्या पेटीत ट्यूब, चेनच्या कड्या, ब्रेकचे गुटके, गिअरच्या तारा आणि स्पोक असावेतच. वाटेत त्यांचे दुकान मिळत नाही. इंधनाचेही तसेच. तांदी येथील पंपावरील ‘पुढील पंप ३६५ किलोमीटरवर’ ही पाटी वर्षानुवर्षे प्रवाशांना सावध करीत आली आहे. स्वयंपाक्याला प्रेशर कुकरवाचून गत्यंतर नसते, कारण साडेचार हजार मीटर उंचीवर पाणी सुमारे ८५ अंश सेल्सिअसलाच उकळते आणि उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही.

वेळेचे गणित

दुपारी बर्फ वितळू लागला, की रस्ता ओलांडणाऱ्या नाल्यांचे पाणी चढते. त्यामुळे सकाळी लवकर निघण्याचा आग्रह पथकाला धरावा लागतो. खिंडीच्या माथ्यावर उबदार कपडे घेऊन उभे राहणे हेही त्याचेच काम. चढावर घामाने भिजलेला स्वार तसाच उतारावर सुटला, तर बोचऱ्या वाऱ्याने अंगातील उष्णता झपाट्याने कमी होते आणि बधिर बोटांना ब्रेकही दाबवत नाही.

विरळ हवेचा धोका

खरी कसोटी लागते ती विरळ हवेत. पुण्या-मुंबईहून गेलेला सायकलस्वार कितीही तयारीचा असला, तरी त्याच्या शरीराला उंचीची सवय नसते. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. जिस्पा (सुमारे ३२०० मीटर) ते सरचू (सुमारे ४२९० मीटर) हा टप्पा एका दमात घेतल्यास तो मोडला जातो. म्हणून जिस्पात दोन रात्री आणि पुढे पाटसेव परिसरात एक मुक्काम करणे शहाणपणाचे.

डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे होत. ती असेपर्यंत पुढे चढू नये. बसल्या जागी धाप लागणे, सततचा खोकला, तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर फुप्फुसांत वा मेंदूत सूज आल्याची शक्यता असते. प्राणवायू द्यावा, पण खरा उपाय एकच, तो म्हणजे ताबडतोब खाली उतरवणे. सरचूहून मागे वळले तरी आधी बारालाचा चढावी लागते आणि पुढे गेले तरी नकी व लाचुलुंग आडव्या येतात. त्यामुळे निर्णय सरचूला पोहोचण्यापूर्वीच व्हायला हवा.

अंतिम शब्द कोणाचा?

रजा आणि पैसा खर्चून आलेला सायकलस्वार सहसा स्वतःहून थांबत नाही. ‘थोडेसेच डोके दुखते आहे’ असे म्हणून तो लक्षणे लपवतो. अशा वेळी त्याला गाडीत बसवण्याचा अधिकार पथकप्रमुखाला असला पाहिजे आणि ही अट मनाली सोडण्यापूर्वीच सर्वांनी मान्य करायला हवी. हाच नियम चालकालाही लागू आहे. रात्रभर आजाऱ्याजवळ जागलेल्या चालकाच्या हाती सकाळी गाडी देऊ नये; त्यासाठी बदली चालक सोबत असावा. वाटेत बऱ्याच ठिकाणी मोबाइलवर विसंबता येत नसल्याने रात्रीच्या जेवणापूर्वी प्रत्येक स्वाराची विचारपूस आणि शिरगणती झालीच पाहिजे.