खाऱ्या वाऱ्याची चढण

सावर्ड्याच्या सड्यावर दुपारी बाराच्या पुढे वारा दिशा बदलतो. सकाळभर सह्याद्रीकडून उतरणारी झुळूक मरते, काही वेळ हवा कोंडते आणि मग पश्चिमेकडून पहिला झोत येऊन आंब्याच्या पानांची फिकट बाजू वर करतो. पश्चिमेला गुहागरचा किनारा, पूर्वेला कोयनेच्या जंगलाची भिंत आणि मधोमध चिपळूण तालुक्याचा हा जांभ्याचा पट्टा. पावसाळा सोडला तर वाऱ्याचा हा दिनक्रम सहसा मोडत नाही. शिडांच्या काळात दाभोळ-हर्णैचे दर्यावर्दी पहाटे मतलई वाऱ्यावर होड्या बाहेर काढत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर बंदरात परत येत. शाळेच्या भूगोलात या साऱ्याला दोन ओळी मिळतात, त्याही परीक्षेपुरत्या.

खारा वारा किनाऱ्यावर थांबत नाही. तो सड्यांवरून, खाडीच्या मुखांतून आत शिरतो आणि घाटाच्या भिंतीशी येऊन अडतो. पुढे वाट नाही म्हटल्यावर त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कोकणाने या वाऱ्यावर होड्या हाकल्या, भात वारवलं. वर चढणाऱ्या वाऱ्याचा उपयोग मात्र घाटमाथ्यावरच्यांनी केला, तोही गेल्या काही दशकांत आणि फ्रान्समध्ये जन्मलेल्या कापडी पंखाखाली, म्हणजे पॅराग्लायडरखाली, बसून.

वारा वर चढतो हे सह्याद्रीतल्या माणसाला कुणी शिकवावं लागलं नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खाली टाकलेली हलकी वस्तू परत वर येते, हा तिथे येणाऱ्या प्रत्येक ट्रेकरचा आवडता प्रयोग. पावसाळ्यात नाणेघाटात कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडतं, ते पाहायला हल्ली गाड्यांची रांग लागते. याच कोकणकड्याच्या धुक्यात दिसणाऱ्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची, म्हणजे इंद्रवज्राची नोंद कर्नल साइक्सने दख्खनच्या हवामानावरच्या आपल्या लेखात केली. तो लेख लंडनमध्ये 1835 साली छापून आला. साइक्स मुंबई सरकारचा आकडेवारी जमवणारा अधिकारी होता, आणि वाऱ्या-पावसाची मोजमापं घेत घाटमाथ्यावर हिंडणाऱ्यांत त्याचा नंबर बराच वरचा लागतो. कड्याच्या धारेवर हवा कशी वागते हे म्हणजे कागदावरही आलं होतं. त्या हवेत माणूस सोडण्याची कल्पना तेवढी बाकी होती.

कापडाखाली लोंबकळणारा माणूस मुंबईकरांनी 1889 सालीच पाहिला होता. पर्सिव्हल स्पेन्सर नावाचा इंग्रज फुग्यातून वर गेला आणि छत्री उघडून खाली उतरला. तो तमाशाच होता. पोट भरायला देशोदेशी फिरणारे असे फुगेवाले तेव्हा बरेच होते. छत्रीने खाली उतरता येत होतं, वर जाता येत नव्हतं. कड्याला धडकून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगत राहण्याची पहिली मोठी नोंद ऑर्व्हिल राइटच्या नावावर आहे. 1911 च्या ऑक्टोबरमध्ये किटी हॉकच्या वाळूच्या टेकडीवर इंजिन नसलेल्या ग्लायडरमध्ये तो पावणेदहा मिनिटं हवेत राहिला. पहिल्या महायुद्धानंतर विमानबंदीत अडकलेल्या जर्मनांनी वासरकुप्पेच्या डोंगरावर याचीच विद्या केली.

ती विद्या पुण्याला आली ती लाकडी ग्लायडरांच्या रूपाने. हडपसरच्या सरकारी ग्लायडिंग केंद्रात विंचने दोर ओढून ग्लायडर वर चढवायचे आणि दोर सोडून दिला की पुढचं काम हवेचं. ‘रोहिणी’सारखी भारतात आखलेली दोन आसनांची ग्लायडर साठच्या दशकात प्रशिक्षणाला आली. हडपसरमुळे पुण्यात थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी गरम हवा, माहीत असलेली माणसं पॅराग्लायडिंगच्या कितीतरी आधी तयार होती. पुढे हँग ग्लायडिंग आलं. लष्कराने देवळालीच्या तोफखान्यात त्याचं केंद्र चालवलं. पण हँग ग्लायडर म्हणजे अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा पाच-सहा मीटर लांबीचा गठ्ठा. तो गाडीच्या टपावर बांधायचा, डोंगरावर चढवायचा, मग जोडत बसायचा. ज्याच्याकडे गाडी आणि उचलू लागायला चार मित्र, त्याचाच तो खेळ.

मग 25 जून 1978 हा दिवस उजाडला. फ्रेंच आल्प्समधल्या मिउसी गावावर पेर्त्विझे नावाचा डोंगर आहे. झाँ-क्लोद बेतां, आंद्रे बोन आणि जेरार बोसाँ हे तिघे पॅराशूटवाले. अचूक उतरण्याच्या सरावासाठी दर वेळी विमानाचं भाडं परवडेना, म्हणून त्यांनी उतारावरून पळत चौकोनी पॅराशूट फुगवून पाहिलं. बेतां थोडा खाली जाऊन उतरला. बोन थेट दरीतल्या फुटबॉलच्या मैदानात, सुमारे हजार मीटर खाली. त्यांच्या हातातलं कापड मुळात डॉमिना जॅल्बर्ट या अमेरिकनाने 1960 च्या दशकात काढलेल्या कल्पनेवर बेतलेलं होतं: दोन थर, मध्ये कप्पे, पुढून तोंड उघडं. वारा आत शिरला की कापडाला पंखाचा आकार येतो, काठी-नळी काही लागत नाही. अमेरिकेत डेव्हिड बॅरिशनेही 1965 मध्ये उतारावरून असंच उडून पाहिलं होतं, पण त्याच्या मागे कुणी गेलं नाही. मिउसीत क्लब उभा राहिला, शिकवणं सुरू झालं, आणि खेळ पसरला तो तिथून. 1989 मध्ये ऑस्ट्रियातल्या कोसनला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. सुरुवातीची कापडं एक मीटर खाली येताना जेमतेम तीन-चार मीटर पुढे सरकत. आजचा साधा पंख आठ-नऊ मीटर सरकतो, स्पर्धेचा त्याहून बराच जास्त.

महाराष्ट्रात या खेळाने मावळातलं कामशेत धरलं, आणि त्यामागे डोंगरांइतकाच रेल्वेचा हात आहे. पुणे-लोणावळा लोकल कामशेतला थांबते. पंख, हार्नेस, हेल्मेट, रिझर्व्ह पॅराशूट असं सगळं बिऱ्हाड एका पाठपिशवीत मावतं, वजन पंधरा-वीस किलो. हँग ग्लायडरला जे जमलं नाही ते या पिशवीने केलं: कॉलेजातला मुलगा लोकलच्या डब्यात ती पायांत धरून बसू शकत होता. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘निर्वाणा अॅडव्हेंचर्स’ने इथे शाळा काढली, पुढे ‘टेंपल पायलट्स’ आले. टॉवर हिल, शेलार, शिंदेवाडी ही एरवी गुराख्यांना ठाऊक असलेली ठिकाणं उडणाऱ्यांच्या तोंडी देशभर झाली. टॉवर हिलसारख्या उंच डोंगरावर शिकलेल्यांनी जायचं; शिकाऊंसाठी शिंदेवाडीचे बुटके उतार. खाली पवनेचं पाणी, समोर तुंग-तिकोना, पलीकडे बेडसे लेणी. एके काळी कोकणातून घाट चढून आलेला माल या वाटांनी देशावर जायचा आणि किल्लेदार त्यावर नजर ठेवायचे. पाचगणी-भिलारकडेही पंख उडू लागले, पण मावळाची बरोबरी मुंबई-पुण्याच्या अंतरामुळे कुणाला करता आली नाही.

या शाळांमध्ये शिकायला येणाऱ्याची पहिली निराशा ठरलेली. त्याला उडायचं असतं आणि त्याला मैदानात उभं करतात. ग्राउंड हँडलिंग म्हणजे पंखाकडे तोंड, वाऱ्याकडे पाठ. पुढचे रायझर, म्हणजे पंखाच्या दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे, दोन्ही हातांत अलगद ओढले की गवतावर पसरलेलं कापड फडफडतं, कप्पे एकेक करून फुगतात आणि अख्खा पंख डोक्यावर येऊन उभा राहतो. तिथे तो क्षणभर थांबला पाहिजे. जास्त ओढलं तर पुढे कोसळतो, कमी ओढलं तर मागे झोपतो, ब्रेकची दोरी उशिरा ताणली तर माणसाला फरपटत नेतो. पंख डोक्यावर स्थिर झाला की वळायचं, दोऱ्या मोकळ्या आहेत का ते एका नजरेत पाहायचं, आणि मगच दोन पावलं टाकायची. ताशी पंधरा-वीस किलोमीटरचा वारा समोरून असेल तर ती दोन पावलंही पुरी होत नाहीत.

उडणाऱ्याचा दिवस वाऱ्याच्या वेळापत्रकावर चालतो. ऑक्टोबरात आभाळ उघडलं की हंगाम सुरू, पाऊस आला की बंद. थंडीत दुपार कलताना पश्चिमेचा वारा डोंगराला सरळ भिडतो आणि शिकाऊ मुलं धारेवरून डावी-उजवीकडे फेऱ्या मारत राहतात. याला रिज सोअरिंग म्हणतात. या वाऱ्यात समुद्राचा वाटा बराच असतो. सावर्ड्याला आंब्याची पानं उलटी करणारा आणि मावळात पंख उचलणारा वारा एकाच जातीचा. डोंगराच्या मागच्या बाजूला मात्र तोच वारा भोवरे करत कोसळतो. माथ्यावरून मागे ढकलला गेलेला पायलट त्या भोवऱ्यात सापडतो, म्हणून वारा जरा वाढला की जुने पायलट गुपचूप पंख घडी करायला घेतात. नव्यांना तेव्हा ते भित्रे वाटतात.

मार्चनंतर खेळ बदलतो. जळलेलं गवत, नांगरलेली शेतं, काळा कातळ तापतो आणि तिथून गरम हवेचे थर्मल सुटतात. चढण्या-उतरण्याचा वेग सांगणारा व्हेरिओमीटर कानाशी वाजू लागतो, पायलट घिरट्या घेत ढगाच्या तळाकडे जातो. पण एप्रिल-मे म्हणजे वळिवाचे दिवसही. दुपारी फुलकोबीसारखा फुगत जाणारा ढग खालची सगळी हवा आपल्याकडे ओढून घेतो. ढग माणसाला कुठवर नेऊ शकतो याचा दाखला ऑस्ट्रेलियातल्या मनिला गावाजवळ 14 फेब्रुवारी 2007 रोजी मिळाला. एव्हा विस्निएर्स्का ही जर्मन पायलट वादळी ढगात ओढली गेली आणि जवळपास दहा हजार मीटर उंचीवर, बेशुद्ध अवस्थेत, बर्फाने माखून तरंगत राहिली. ती वाचली, त्याच दिवशी त्याच वादळात सापडलेला चिनी पायलट वाचला नाही. कामशेतला वळिवाचा गडगडाट दूर ऐकू आला तरी दिवस संपतो, आणि संपलाच पाहिजे.

थर्मल शोधायला पायलट पक्ष्यांकडे बघतात, कारण पक्षी चुकत नाहीत. घार जिथे पंख न हलवता वर चढते तिथे वळायचं. पूर्वी हे काम गिधाडं करत. ती जास्त उंच, जास्त वेळ आणि घोळक्याने फिरत, म्हणजे लांबूनही दिसत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात हे 2004 मध्ये उघड झालं, 2006 मध्ये भारताने ते औषध गुरांसाठी बंद केलं, पण तोवर बहुतेक गिधाडं संपली होती. उरलेल्यांसाठी झटणाऱ्यांत सावर्ड्यापासून जवळच, चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आहे. मावळात पॅराग्लायडिंग रुजलं ते नेमकं गिधाडं विरळ होत गेल्याच्या वर्षांत. कोकणकड्यावरच्या हवेचे खरे जुने जाणकार नव्यांना भेटलेच नाहीत असं म्हणायला हरकत नाही.

कापडाची निगा हा या खेळातला कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. पंखाचं नायलॉन उन्हाने मरतं. वर रंग चकचकीत असतो, पण आतलं लेपन विरलेलं असतं आणि कापडातून हवा झिरपू लागते. ठरावीक हवा कापडातून जायला किती सेकंद लागतात ते यंत्राने मोजून पंखाचं उरलेलं आयुष्य ठरवतात. म्हणून उड्डाण नसेल तेव्हा पंख उन्हात पसरून गप्पा मारत बसणाऱ्याला शिव्या बसतात. ऑक्टोबरच्या गवतातली कुसळं दोऱ्यांच्या गुंत्यात आणि कप्प्यांत अडकतात. ती एकेक वेचावी लागतात. घडीत नाकतोडा राहिला तर तो बाहेर पडायला कापड कुरतडतो. काही दोऱ्या वापराने आखडतात, काही वारंवार वाकून आतून तुटतात, बाहेरचं वेष्टण शाबूत दिसत असतानाही. त्यामुळे ठरावीक काळाने लांबी मोजायची, एखादी दोरी ताणून तोडून तिची ताकद पाहायची. रिझर्व्ह पॅराशूट वापरलं नाही तरी उघडून, हवा देऊन पुन्हा घडी करायचं. ही सगळी कामं साधारण पावसाळ्यातली, कारण तेव्हा दुसरं काही करता येत नाही.

मग सावर्ड्यासारख्या गावात हा खेळ का नाही? किनाऱ्यावर तारकर्ली-गणपतीपुळ्याला बोटीने ओढलेल्या छत्रीला पर्यटक खुशाल पॅराग्लायडिंग म्हणतात, पण ते पॅरासेलिंग. त्यात माणसाच्या हाती काही नसतं. खरी अडचण जमिनीची आहे. सावर्ड्याहून पूर्वेची भिंत दिसते, पण तिच्या माथ्यावर कोयनेचं अभयारण्य, जे पुढे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. तिथून उडी मारायची सोय नाही. खाली उतरायचं म्हटलं तर आंबा-काजूच्या बागा, भाताची चिंचोळी खाचरं, मुंबई-गोवा महामार्ग, कोकण रेल्वेचा मार्ग आणि विजेच्या तारा. मावळात पीक निघाल्यावर शेतंच्या शेतं मोकळी पडतात, तशी सपाटी इथे नाही. सड्यांवर मोकळी जागा आहे, वाराही समोरून येतो, पण जांभ्याच्या खरबरीत कडा दोऱ्यांच्या शत्रू आणि उंचीही बेताची. दमट हवेत घडी घातलेल्या कापडाला बुरशी धरते, ती वेगळीच.

परवानग्यांचा भागही आता पूर्वीसारखा सैल राहिलेला नाही. महाराष्ट्राने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणून आयोजकांची नोंदणी आणि प्रशिक्षकांची पात्रता यांचे नियम घातले. केंद्राचं हवाई क्रीडा धोरण 2022 मध्ये आलं. चार मित्रांनी मिळून डोंगर शोधायचा, गुराख्याला विचारायचं आणि उडायचं, या पद्धतीने मावळातल्या कितीतरी जागा सापडल्या. आज चिपळूण-सावर्ड्याकडच्या कुणाला एखादा सडा आजमावायचा झाला तर नोंदणीचे कागद, विमा, वनखात्याचं उत्तर आणि खालच्या बागायतदाराचा होकार एवढं आधी हातात हवं. तोवर इथली उत्साही मुलं कुंभार्ली घाट चढून पुण्याकडे जातील आणि ज्या वाऱ्याचं घर आपल्या अंगणात आहे त्याच्यावर मावळात शिकतील.