धामणीचे ‘नृत्य’ आणि संप्रेरकांचा सिद्धान्त

ठाणे, कल्याण व डोंबिवलीच्या आसपास जेथे भातखाचरे अद्याप टिकून आहेत, तेथे दोन धामणी परस्परांना पीळ घालून शरीराचा पुढील भाग उंच उभारीत असल्याचे दृश्य अधूनमधून दृष्टीस पडते. लोक यास सापांचे मीलन समजतात. अशा जोडीवर कोरे वस्त्र टाकून ते घरी जपल्यास भरभराट होते, अशी समजूत आहे. धामण ही नागाची मादी होय, हा समजही महाराष्ट्रात रूढ आहे. वस्तुतः धामण ही स्वतंत्र जाती असून तीत नर व मादी दोन्ही असतात, आणि उपर्युक्त दृश्य ही दोन नरांची झुंज असते. प्रत्येक नर दुसऱ्याचे डोके खाली दाबू पाहतो. खरा समागम जमिनीलगत, शांतपणे होतो.

ही चूक केवळ सामान्यजनांची नव्हती. शास्त्रीय लेखनातही अशा झुंजीस दीर्घकाळ प्रणयनृत्य मानले जाई. १९४८ साली चार्ल्स शॉ व चार्ल्स लो या अमेरिकन अभ्यासकांनी आपापल्या लेखांत या कल्पनेचे निराकरण केले.

संप्रेरकांच्या अभ्यासातही असेच घडले. १८४९ साली गॉटिंगेन येथे बेर्टोल्ट यांनी दाखविले, की कोंबड्याची वृषणे काढल्यास त्याचे आरवणे व झुंजणे लोपते आणि वृषणाचे पुन्हा रोपण केल्यास ते परत येते. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ हा शब्द योजिला. १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात मिळाले. रक्तातील टेस्टोस्टेरॉन वाढले की नराचे प्रणयाराधन सुरू होते, हा नियम मग सर्वच पृष्ठवंशी प्राण्यांना लागू समजण्यात येऊ लागला.

कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातील गार्टर सापाने या नियमास छेद दिला. डेव्हिड क्रूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत वृषणे काढलेले नरही शीतनिद्रेतून बाहेर येताच मादीचा अनुनय करू लागले. प्रेरणा होती ती दीर्घ थंडीनंतरच्या उष्णतेची. मादीच्या बाबतीत मात्र संप्रेरकाचे महत्त्व दिसून आले: इस्ट्रोजेनमुळे तिच्या त्वचेवर नरास आकर्षिणारे द्रव्य निर्माण होते. १९८९ मध्ये या द्रव्याची रासायनिक ओळख पटली.

तथापि मॅनिटोबाचा निष्कर्ष जसाच्या तसा ठाण्याच्या धामणीस लावणे म्हणजे कोंबड्याचा नियम सापास लावण्याचीच पुनरावृत्ती होय. कोकणात बर्फाखालची शीतनिद्रा नाही; येथील वर्षचक्र पावसाळ्याभोवती फिरते. म्हणून झुंजीचा काळ, समागमाचा काळ, शुक्रजननाचा काळ आणि रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण यांची नोंद आपल्या अभ्यासकांनी पृथक्‌पणे केली पाहिजे. या चार गोष्टी एकाच वेळी घडतात असे गृहीत धरणे, हे दोन नरांस दांपत्य समजण्याइतकेच सोपे आणि तितकेच भ्रामक ठरेल.